बांधलेलं चाक

यंदा पुन्हा गावात तापाची साथ आहे. ज्यांच्या घरी माणूस अंथरुणाला लागलं आहे, ते लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "बापू, तुमी मानमोडीतून वाचले, ते कायनं वाचले?" मी म्हणतो, मले नाई माहीत. त्यांना ते खोटं वाटतं. म्हातारा एखादी मुळी लपवून बसला आहे आणि मरताना सोबत घेऊन जाणार, असा त्यांचा चेहरा होतो. परवा तर एक बाई माझ्या दारातच बसून राहिली. तिचा नवरा तापात बडबडत होता आणि त्याला बाहेरचं लागलं म्हणून घरचे लोक त्याच्या तोंडात कापड कोंबायला निघाले होते. तिच्यासाठी म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मराठी चौथी शिकलो. मास्तरांनी छडी मारून शुद्ध लिहायला लावलं, त्यामुळे कागदावर तसंच येतं. माणसं बोलली ते मात्र जसं बोलली तसं ठेवलं आहे. यात औषधाचं नाव सापडणार नाही. ज्याला औषध पाहिजे त्यानं इथंच थांबावं आणि डॉक्टरकडे जावं.

बागेचं काम

आमची बाग मालेगावच्या बाहेर, वाशीमच्या रस्त्याला. वांगी, मिरची, मेथी काढायची आणि बाजाराला न्यायची. विहिरीवर मोट. शहरात वाढलेल्यांनी मोट पाहिलेली नसते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे, म्हणून सांगतो. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. ती जाड दोराला बांधून चाकावरून विहिरीत सोडायची. बैल विहिरीकडे पाठ करून उतरणीवरून खाली गेले की ती भरून वर येते आणि पाणी पाटात पडतं. बैल मागे सरकत वर आले की ती पुन्हा खाली जाते. दिवसभर हेच.

मी बैल हाकायचो. पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायला दुसरं माणूस लागतं, ते माझी बायको सुभद्रा. एरंडाच्या कुंपणापलीकडे ती फावडं घेऊन पाठमोरी उभी असायची. चाक वाजतंय तोवर पाणी येणार हे तिला ठाऊक, आणि ती तिथं आहे तोवर पाणी वाया जाणार नाही हे मला ठाऊक. दिवसभरात आमचं बोलणं व्हायचं ते एवढंच.

अजून दोन गोष्टी. मोट काही दिवस वापरली नाही की तिचं चामडं वाळून लाकूड होतं. मग ती पाण्यात भिजत घालायची, तेल चोळायचं, तेव्हा कुठे ती मऊ येते. दुसरी गोष्ट आमच्या घरची रीत. घरात कोणी मेलं की मोटेचं चाक दोरीनं बांधायचं आणि दहावा होईपर्यंत सोडायचं नाही. माझी चुलती पार्वतीकाकी, जिनं मला आईमागं वाढवलं, ती म्हणायची की चाक वाजलं तर गेलेला माणूस त्या आवाजामागं घोटाळत राहतो. मला ते तेव्हा खुळं वाटायचं.

मान

जर्मनच्या लढाईचं शेवटचं साल. पाऊस रुसला होता. दसरा होऊन गेला होता आणि गावोगाव मानमोडी पसरली होती. नावातच सगळं आहे, आधी मान मोडल्यासारखी दुखते आणि मग ताप चढतो.

त्या दिवशी मोट हाकता हाकता माझी मान दुखायला लागली. मी ओरडून सुभद्रेला सांगितलं. ती कुंपणापलीकडून म्हणाली, "निजता वाकडेतिकडे, मंग मान दुखन नाई तं काय होईन?" मलाही हसू आलं. बैल सोडले तेव्हा मला मान वळवून त्यांच्याकडे पाहता येईना. घरी येईपर्यंत अंगात थंडी भरली. काकीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून लुगड्याला पुसला. त्या पुसण्यावरून मला कळलं. डॉक्टरनं नंतर नाव घेतलं ते घेतलं, पण माझा निकाल काकीच्या लुगड्यानं आधीच दिला होता.

वाशीमला एका शाळेत तापाच्या लोकांसाठी दवाखाना उघडला होता आणि गावातून गाडी निघत होती. तिच्यात मला घालावं की नाही यावरून घरात भांडण जुंपलं.

काकी म्हणाली, "तिथं गेलेला कोनी चालत वापस आला का? मरू दे त्याले आपल्या घरी, आपल्या मानसात."

सुभद्रा म्हणाली, "मराची गोठ कायले काढता? मी त्याईले मराले नाई धाडून राह्यली."

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सुभद्रेनं माझी काळी घोंगडी माझ्याभोवती गुंडाळली. तिच्या एका कोपऱ्याला तिनंच लाल लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. "इले सोडू नका," म्हणाली. गाडी हालल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिचा हात माझ्या अंगाइतकाच तापलेला होता. सांगायला तोंड उघडलं तर दातच वाजत होते.

दुसऱ्या दिवशी ती पडली. आमचं पोरगं नामदेव तेव्हा दुधावरचं होतं, त्याला शेजारणीनं नेलं. बैलांना चारा नव्हता आणि हाकणाराही नव्हता, म्हणून तिचा भाऊ श्रीपत अनसिंगहून आला आणि बैल आपल्या गावी घेऊन गेला. हे सगळं मला नंतर कळलं, पण इथंच सांगून ठेवतो. आमच्या बागेत त्या दिवसांत बैल नव्हते.

शाळेतला दवाखाना

बाकं बाहेर काढून जमिनीवर पेंढा आणि चटया टाकल्या होत्या. भिंतीवर फळा तसाच होता आणि त्यावर बेरजेचं एक गणित कोणीतरी अर्धं सोडलेलं. आम्ही सगळे त्याच्याकडे तोंड करून पडलेलो. मी ते गणित रोज करायचो आणि रोज निराळं उत्तर यायचं. त्यावरून ताप किती चढला ते मला कळायचं.

सकाळी चुन्याचा वास यायचा. मग तोंडाला फडकं बांधलेला डॉक्टर ओळीतून जायचा, मग कडू औषध, मग तांदळाची पेज. सगळ्यात वाईट वेळ डोळे उघडण्याची. डोळे उघडले की माणूस आधी शेजारच्या चटईकडे पाहायचा. चटई रिकामी असली तर विचारायचं नाही, असं आम्ही न बोलता ठरवलं होतं. मी भित्रा नाही, पण तिथं भ्यालो. मरणापेक्षा जास्त भीती याची वाटायची, की आपली चटईही अशीच कोणी न विचारता गुंडाळील.

एक सुख होतं. एक म्हातारा पाणी पाजायला यायचा आणि प्रत्येक रोग्याला जावई म्हणायचा. "घ्या जावईबापू, सासुरवाडीचा पाहुनचार," म्हणत चमच्यानं पाणी ओठात सोडायचा. पलीकडच्या रांगेतला एक आजोबा होता, तोही जावईच. त्या एका शब्दासाठी मी सकाळची वाट पाहायचो. तुमच्या घरी कोणी पडलं असेल तर त्याची जरा थट्टा करा. रडवे चेहरे त्याला भरपूर दिसतात.

माझ्या शेजारी किन्हीराजा गावचा किसन म्हणून एक शेतकरी होता. मी तापानं पेटलेला आणि तो थंडीनं कुडकुडत होता. मी माझी घोंगडी काढून त्याच्यावर टाकली.

"मी मेलो तं वापस कशी करू?" तो म्हणाला.

"मंग तुलेच ठेव," मी म्हणालो.

तो हसला. शुद्धीत असताना मी कोणाशी बोललो ते हे शेवटचं.

मी कुठे होतो

हे लिहायला मी पुष्कळदा बसलो आणि उठलो. सरळ सांगतो. मी माझ्या बागेत होतो आणि मोट हाकत होतो.

भर दुपार होती, पण सावली कशालाच नव्हती. बांधावरच्या लिंबाच्या झाडालाही नव्हती आणि बैलांनाही नव्हती. बैल माझेच, पण त्यांच्या गळ्यातली घुंगरं हलत होती आणि वाजत नव्हती. पाटात पाणी पडत होतं त्याचाही आवाज नाही. आवाज फक्त चाकाचा. कुंपणापलीकडे डोक्यावर पदर घेऊन, फावडं धरून, ती पाठमोरी उभी होती.

मी एकदा घाम पुसायला बैल थांबवले. चाक थांबलं, तशी तिनं फावडं खांद्यावर टाकलं आणि ओढ्याकडे चालू लागली. ओढ्यापलीकडे आमचं काहीच नाही, तिकडे मसणवट आहे. मी घाईनं बैल हाकले. चाक वाजलं तशी ती थांबली, परत आली आणि वाफ्यात पाणी वळवू लागली. तेव्हा मला समजलं की आता थांबायचं नाही.

किती वेळ हाकलं ते सांगता येत नाही, तिथं वेळ नव्हताच. मग माझ्या मागून, विहिरीच्या बाजूनं, कोणीतरी बोललं. आवाज बाप्याचा की बाईचा तेही कळलं नाही.

"सोड आता बैल. झालं ओलीत."

"लिंबाखालचा वाफा राह्यला," मी म्हणालो.

"राहू दे थो. सोड."

मला राग आला. मी जन्माचा तापट माणूस, माझ्या बागेत येऊन मला कोणी शिकवायचं नाही. म्हणालो, "तुह्या बापाची मोट हाय का? जाय तुह्या रस्त्यानं." तो आवाज चिडला नाही आणि गेलाही नाही. परत तेच, तेवढ्याच हळू, "सोड आता बैल." बैल खाली गेले की तो ऐकू यायचा, वर आले की बंद. तो माझ्या अगदी जवळ होता. मी वळून पाहिलं नाही, कारण माझी मान वळत नव्हती.

लिंबाखालच्या वाफ्यात पाणी गेलं नाही ते नाहीच. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ओरडून सांगणार, तोच तोंडावर पाणी आलं आणि कोणी म्हणालं, "काय जावईबापू, आले का वापस?"

मी त्या म्हाताऱ्याला पहिली गोष्ट विचारली ती ही, की चाक कोणी थांबवलं. तो म्हणाला, "कायचं चाक? पेज घ्या." मला थंडी वाजत होती. माझी घोंगडी मागितली. तेव्हा त्यानं थट्टा केली नाही. किसन तिच्याखालीच गेला होता आणि तिच्यासकट जळून गेला होता.

सावली

बळ आल्यावर गाडीनं घरी आलो. काकी अंगणात होती. मला पाहून ती आत पळाली नाही, तिथल्या तिथे हात पुढे करून म्हणाली, "थांब. उन्हात उभा राह्य."

मी उभा राहिलो. तिनं आधी माझी सावली पाहिली. मग माझे पाय सरळ आहेत की उलटे ते वाकून पाहिलं. मग मातीतच बसली आणि मोठ्यानं रडू लागली. मी मेल्याची बातमी घरी केव्हाच आली होती.

श्रीपत मला पाहायला वाशीमला गेला होता. शाळेच्या ओसरीवर मेलेली माणसं झाकून ठेवली होती आणि त्यात लाल ठिगळाची घोंगडी त्याला दिसली. तोंडावरची घोंगडी काढून पाहायची त्याची छाती झाली नाही. आणि पाहायचं तरी कशाला? आमच्याकडे माणूस दुरून घोंगडीवरूनच ओळखतात. तो तसाच मालेगावला आला, दारात न येता रस्त्यावरूनच काकीला सांगितलं आणि रडत परत गेला. काकीनं रीतीप्रमाणे विहिरीवर जाऊन चाक बांधलं. मोट वर उन्हात टांगलेलीच होती.

मग बायका आल्या, सुभद्रेच्या बांगड्या फोडायला.

हे काकीनं मला लगेच सांगितलं नाही. पुढच्या साली, मिरच्या निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता सांगितलं. सुभद्रा तापानं डोळे मिटून पडली होती. भर दुपारची वेळ. एका बाईनं तिचा हात धरला, तशी तिनं दोन्ही हात अंगाखाली घातले.

"हात सोडा माहे," ती म्हणाली. "कोन म्हनते थे मेले? मोट हाकून राह्यले. चाक वाजून राह्यलं, आयका तुमी."

तापातली बडबड म्हणून बायका तिला धरायला गेल्या. काकी तिचं तोंड दाबणार होती. आणि मग, काकी म्हणाली, "मलेही आयकू आलं, बापा. तुह्याच विहिरीचं चाक. त्याची करकर मी लगन होऊन आली तवापासून आयकून राह्यली, दुसरं नाई थे."

ती उठून बागेकडे गेली. कुंपणापर्यंत आवाज येत होता. कुंपणाच्या आत पाय टाकला आणि बंद झाला. चाक तिनंच बांधलेल्या गाठीत तसंच होतं. बैल नव्हते, माणूस नव्हतं. तिनं मोटेला हात लावला. इतक्या दिवसांच्या उन्हात ती लाकूड व्हायला पाहिजे होती. ती ओली होती आणि मऊ होती.

काकी घरी आली आणि बायकांना म्हणाली, "आज राहू द्या बांगड्या." त्यांनी विचारलं, काहून? ती म्हणाली, "मी म्हनतो म्हनून." बायका निघून गेल्या. त्यातल्या दोघी पुढं कित्येक वर्षं आमच्या बागेवरून दुपारी गेल्या नाहीत. आणि सुभद्रा हात अंगाखाली घेऊन झोपली, ती घाम येऊन ताप उतरल्यावरच उठली. काकी म्हणायची, त्या दिवशी बांगड्या फुटल्या असत्या तर तीही त्याच रात्री गेली असती. मलाही तसंच वाटतं.

मेथी

घरी आलो त्याच दिवशी मी काठी टेकत बागेत गेलो. तेव्हा मला काकीचं काहीच माहीत नव्हतं. पावसानं पाठ फिरवलेली, मोट बंद, बैल अनसिंगला. मेथी जळून गेली असणार हे धरूनच गेलो होतो. ती हिरवीगार उभी होती. मी वाफ्यात बोट घातलं तर आत ओल लागली. एकेक वाफा पाहत बांधापर्यंत गेलो. लिंबाखालचा वाफा तेवढा वाळून कोळ झाला होता आणि जमिनीला भेगा पडल्या होत्या.

मी तिथंच बसलो. आनंद झाला म्हणू तर तसं नव्हतं.

घरी येऊन सुभद्रेजवळ बसलो. ती खाटेवर, डोळे खोल गेलेली. मी म्हणालो, "सगळं ओललं तुनं, लिंबाखालचा वाफा काहून सोडला?"

ती म्हणाली, "कोनता वाफा? मी कुठं पानी वळवलं? मी तं खाटेवर होती. मले नुसतं चाक आयकू येये. अंधार होता आन् चाक होतं. म्हटलं, हाय तं हाय मानूस, आपुन कायले जाव?"

"मंग वाफ्यात कोन होतं?"

"तुमी पाह्यलं ना? तुमीच सांगा."

मी चेहरा पाहिला नव्हता. पदर पाहिला होता आणि पाठ पाहिली होती. मोट हाकायला एक माणूस लागतो आणि पाणी वळवायला दुसरा. हाकणारा मी होतो, असं मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो. दुसरं कोण होतं, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारला आणि पुन्हा कधी विचारला नाही. संसारात काही प्रश्न असे असतात की ते उचलले तर घरात झोप लागत नाही.

ज्यांना सगळं माहीत असतं

त्या डॉक्टरला मी पुढं वांगी घेऊन गेलो आणि हे सगळं सांगितलं. भला माणूस, पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाला, तापात मेंदू काहीही दाखवतो. मी म्हणालो, साहेब, ताप मला आला होता, मोटेला नव्हता. तो म्हणाला, दंव पडलं असेल, कोणी शेजाऱ्यानं पाणी दिलं असेल. मी म्हणालो, आमची अर्धी आळी पडलेली होती आणि उरलेली अर्धी माणसं वाहून नेत होती, मेथीला पाणी द्यायला कोण येणार? शेवटी तो "मग मला सांगता येत नाही," म्हणाला आणि वांगी ठेवून घेतली. त्या उत्तरासाठी मी त्याला अजून मान देतो.

एक बुवाही आला होता. त्याला सगळंच माहीत होतं. सूक्ष्म देह कोणता, तो कोणत्या दारानं निघतो, ती बाई कोणत्या लोकातली, सगळं पाठ. मी विचारलं, "महाराज, तुमाले मानमोडी झाल्ती काय?" तो म्हणाला नाही. मी म्हणालो, मग जेवा आणि जा.

मी बैल हाकत जन्म काढला. बैल खाली जातो, वर येतो. दोर ओढला की वजन लागतं एवढं त्याला कळतं. पाणी कुठे जातं, मेथी कशी उगवते, ती बाजारात कोण खातं, हे त्याला कुंपणापलीकडे कधीच दिसत नाही. तो मूर्ख नाही. त्याचं डोकं त्या कामासाठी केलेलंच नाही. आपलंही तसंच असावं, असं मला वाटतं. आणखी पुस्तकं शिकून ते कळेल असं मला वाटत नाही, आणि कळत नाही म्हणून ते खोटं असंही वाटत नाही. आमचा नामदेव मोठा होऊन सातवी शिकला. तो म्हणायचा, "बाबा, तुमच्या डोक्यात ताप गेल्ता, दुसरं काही नाई." मी म्हणायचो, बरं बापा, तसं तर तसं.

या खेपेला

गेल्या उन्हाळ्यात सुभद्रा पडली. या खेपेला मी धडधाकट होतो आणि ती एकटीच गेली.

तिचं दुखणं लांबलं. नामदेव वाशीमहून औषधं आणण्यात आणि मी तिच्याजवळ बसण्यात, बागेकडे कोणी फिरकलं नाही. मोट वर टांगलेली ती टांगलेलीच राहिली. ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता.

तिचा शेवटचा दिवस. दुपार होती. मी तिचा हात हातात धरून बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि कान दिल्यासारखं केलं.

"वाजते का वो?" ती म्हणाली.

मी ऐकलं. जेवढं ऐकता येतं तेवढं ऐकलं. माझे डोळे उघडे, डोकं थंड, अंगात कणकण नाही. शेजारी कोणीतरी कांडत होतं, तेवढं ऐकू आलं. दुसरं काही नाही. मला तेव्हा वाटलं, देवा, मला आत्ता ताप दे. मानमोडी दे. त्या वेळी मला तिच्यासाठी काहीतरी करता येत होतं, कारण मी शुद्धीत नव्हतो. आता शुद्धीत बसून मी तिला मरताना पाहत होतो आणि माझ्या हातात दोर नव्हता.

"वाजते," मी म्हणालो.

"मंग हाका," ती म्हणाली. "थांबू नका."

मी तिचा हात दाबून धरला. थोड्या वेळानं तो हात माझ्याच हातात होता, पण ती नव्हती. ज्या बाईला मी त्या वेळी ओढ्यापासून परत आणलं, तिला या खेपेला जाताना मी पाहिलंसुद्धा नाही.

चाक मी स्वतः बांधलं. मोट शेजारीच टांगलेली होती. हात लांब केला असता तर लागली असती. मी केला नाही.

दहावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव बैल घेऊन निघाला आणि मीही मागोमाग गेलो. त्यानं चाकाची दोरी सोडली. म्हणाला, "बाबा, आज काही पानी नाई निघत. मोट वाळून लाकूड झाली असन, भिजत घालाव लागते."

मी म्हणालो, "पाह्य हात लावून."

त्यानं मोटेला हात लावला. तिथंच ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. सातवी शिकलेल्या माझ्या पोरानं मोट भिजत घातली नाही, तेल मागितलं नाही. तशीच दोराला बांधली आणि बैल जुंपले.

पाणी वळवायला माणूस नव्हतं. तिचं फावडं बागेतल्या झोपडीत होतं ते मी घेतलं, उन्हासाठी पंचा डोक्यावरून घेतला आणि कुंपणापलीकडे वाफ्यांत जाऊन विहिरीकडे पाठ करून उभा राहिलो. आधी लिंबाखालचा वाफा फोडला. मागं चाक वाजायला लागलं आणि पाटातून पाणी आलं.

नामदेवच हाकत होता, हे मला माहीत होतं. माझी मानही दुखत नव्हती. तरी मी वळून पाहिलं नाही.